युद्ध वर, तह खाली

हे मी सांगायचं नव्हतं. आईनं बजावलं होतं की घरातलं घरात राहू दे. काकूनंही तेच बजावलं, फक्त जिन्यात गाठून. आजीनं नुसतं ओठांवर बोट ठेवलं. मी फार कमी बोलते आणि बोलले तरी हळू बोलते, म्हणून आमच्या घरात ज्याला काही लपवायचं असतं तो ते माझ्याकडे आणून ठेवतो. (माळ्यावर सामान टाकावं तसं. टाकलं की विसरले.) पण लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे, असं मी ठरवलं आहे.

आमचं घर दोन मजल्यांचं. खाली आम्ही आणि आजी, वर काका-काकू. जिना बाहेरून आहे आणि मध्यावर वळतो. बाबा आणि काका सख्खे भाऊ, पण सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण पुस्तकांवरून झालं होतं. हे ऐकून लोकांना वाटतं की आमच्याकडे वाचनाची फार आवड असेल. तसं काही नाही.

आजोबा घरोघर फिरून संदर्भग्रंथ विकायचे. 'युद्धे, बंडे आणि इतिहासाची वळणे' हा आठ खंडांचा संच त्यांनी जन्मभर विकला. एकेक खंड उशीएवढा जाड, नोंदी अ पासून ज्ञ पर्यंत लावलेल्या. नमुन्याचा एक संच घरी होता. आजीनं त्याला जाड खाकी कागदाची कव्हरं घातली होती, शाळेच्या वह्यांना घालतो तशी, आणि पाठीवर शाईनं आकडे घातले होते. आजोबा म्हणायचे, "संच फोडायचा नसतो. आठातला एक गेला की सात उरत नाहीत, रद्दी उरते."

ते गेल्यावर घराची वाटणी झाली. मजले झाले, भांडी झाली, खुर्च्या झाल्या. शेवटी संच उरला. बाबा म्हणाले तो मला हवा. काका म्हणाले मोठा मी आहे.

"दादा, तू त्यातलं एक पान तरी वाचलं आहेस का?" बाबांनी विचारलं.

"आणि तू? तू चित्रं सोडून काही बघितलंस कधी?" काका म्हणाले.

दोन्ही खरं होतं, म्हणून दोघांनाही फार लागलं. त्या दिवशी संच फोडला गेला. पहिले चार खंड, म्हणजे अ ते न, आम्हाला मिळाले. पुढचे चार, प पासून ज्ञ पर्यंत, वर गेले. त्यामुळे तह आमच्याकडे राहिला आणि युद्ध वरच्या मजल्यावर. क्रांती खाली, बंड वर. वेढा, शरणागती, माघार सगळं वर. (यातून कोणी काही अर्थ काढू नये. बाराखडीपुढे कोणाचं चालत नाही.) दोघांनीही आपापले खंड काचेच्या कपाटात उभे केले आणि एकमेकांच्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही असं जाहीर केलं. बाबा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत काम करतात, काकांचं चष्म्याचं दुकान आहे. दोघेही रोज सकाळी आपल्या कपाटाची काच पुसायचे. कपाट उघडायचं कारण त्यांना कधी पडलं नाही.

आजीचं मात्र कठीण झालं. सुरुवातीला ती थोडे दिवस वर, थोडे दिवस खाली अशी राहायची. मग तिचा गुडघा गेला आणि ती खालीच राहिली. काका संध्याकाळी दुकानातून आले की जिन्याच्या वळणावर थांबायचे आणि तिथून विचारायचे, "आई, बरं आहे ना?" आजी पलंगावरून म्हणायची, "बरं आहे." तेवढंच. काका आणखी थोडा वेळ तिथेच उभे राहायचे. मला खिडकीतून त्यांच्या चपला दिसायच्या.

डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करा, उशीर केला तर पाय कायमचा आखडेल. बाबा म्हणाले मी नेतो. काका वळणावरून म्हणाले मी नेतो. आजी म्हणाली, "दोघं मिळून न्याल तर येते. एकाच्या खांद्यावर हात ठेवून चालले की माझा तोल जातो." बाबा उठून कपाटाची काच पुसू लागले. काकांच्या चपला वर गेल्या. आजीचा पाय रोज थोडा थोडा वाकडा होत होता आणि ती तो चादरीखाली लपवायची. तिची चादर मी बदलते, म्हणून मला माहीत होतं.

या सगळ्यात मी काही करावं असं माझ्या मनात नव्हतं. मला फक्त पाचवा खंड हवा होता.

झालं असं की इतिहासाच्या बाईंनी विचारलं, "इतिहासातील बंडे या विषयावर भाषण करायचं नाही असं कोणी आहे का?" सगळा वर्ग एका आवाजात "मी, मी" म्हणाला. मीही म्हणाले. बाईंना माझं ऐकू आलं नाही. (मी पहिल्या बाकावर बसते.) अशा रीतीनं माझी निवड झाली.

बंड म्हणजे ब, आणि ब वरच्या मजल्यावर. मागितला असता तर काकांनी दिला असता का, माहीत नाही. पण बाबांना कळलं असतं आणि त्यांनी जेवण सोडलं असतं. तेव्हा मी एक लहानसा निर्णय घेतला. दुपारी काका दुकानात असतात आणि काकू बालवाडीतून येऊन झोपते. तेव्हा वर जायचं, पाचवा खंड घ्यायचा, आणि कपाटात खिंडार दिसू नये म्हणून त्याच्या जागी आमचा चौथा ठेवायचा. फक्त कव्हरं बदलायची. पाचाचं कव्हर चाराला आणि चाराचं पाचाला. इतकी सरळ योजना होती की मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला.

वर गेले. काकू आतल्या खोलीत झोपली होती. मी कपाट उघडलं, पाचवा खंड जमिनीवर घेतला आणि कव्हर काढलं. आतल्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: खंड दोन.

मी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. दुसरा खंड आमचा होता. म्हणजे काकांनी तो आमच्या कपाटातून चोरला होता. काका, जे आमच्या उंबऱ्याला शिवत नाहीत! मला इतकं वाईट वाटलं की काही सुचेना. मग मी बरोबर आणलेल्या आमच्या चौथ्या खंडाचं कव्हर काढलं. आत खंड सात होता. सातवा काकांचा.

म्हणजे बाबासुद्धा.

चोरांच्या घराण्यात आपला जन्म झाला आहे हे कळायला प्रत्येकाला निरनिराळा वेळ लागत असेल. मला एक दुपार लागली. तेवढ्यात आत काकूचा पलंग करकरला. मी हाताला येईल ते कव्हर हाताला येईल त्या खंडाला घातलं, एक कपाटात ठेवला, एक उचलला आणि खाली पळाले. खाली येऊन बघते तर मी दुसरा खंड आणला होता. बंडाचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळीच मला कोऱ्या कागदासमोर बसलेली बघून बाबांनी विचारलं, "कसला अभ्यास?"

"भाषण."

"काय?"

"भाषण," मी जरा मोठ्यानं म्हणाले. "बंडांवर."

बाबांचा चेहरा उतरला. "ब तिकडे गेला," असं ते म्हणाले, एखादं माणूस गेल्यासारखं. मग त्यांना एकदम उत्साह आला. "पण आपल्याकडे ट्रॉय आहे! खंड तीन, ट. बंड नसेना का, घोडा तर आहे. बाईंना सांग, विषय बदलला."

"बाबा, नको."

"नको काय? सहा वर्षं काय शोभेला ठेवलेत?" (याचं उत्तर मी दिलं नाही.) त्यांनी कपाट उघडलं, तिसरा खंड बाहेर काढला, टेबलावर ठेवला आणि मधलंच एक पान उघडून खड्या आवाजात वाचलं, "माघार."

ते थांबले. त्यांनी पान मागे उलटलं. "महायुद्ध." पुढे उलटलं. "युद्धबंदी." मग कव्हर ओढून काढलं आणि सहा हा आकडा बघून एकदम उभे राहिले.

"तो माझ्या घरात शिरला होता!"

"कोण?" आई शिवणयंत्रावरून उठत म्हणाली. आई शाळेचे गणवेश शिवते. तिच्या तोंडात दोन टाचण्या होत्या, त्यामुळे ते 'कॉन' असं ऐकू आलं.

"दुसरं कोण! माझा ट्रॉय नेला आणि ही माघार आणून ठेवली. माझ्या कपाटात माघार! मुद्दाम! टोमणा आहे हा!"

बाबा तो खंड काखेत मारून जिन्याकडे निघाले. जिन्याच्या तळाशी उभं राहून त्यांनी हाक मारली, "चोर!" सहा वर्षांनंतर सख्ख्या भावाशी बोललेला हा पहिला शब्द.

वर खुर्ची सरकली. कपाटाची काच वाजली. पानं फडफडली. मग काका धाडधाड उतरत वळणापर्यंत आले. त्यांच्याही काखेत एक खंड होता.

"कोणाला चोर म्हणतोस? आत्ता कपाट बघितलं मी! सहाव्याच्या जागी हा तुझा तिसरा काय करतोय?"

"आणि तुझा सहावा माझ्या कपाटात काय करतोय?"

"माझा सहावा तुझ्याकडे आहे? बघा! म्हणजे चोर तूच!"

"आणि माझा तिसरा तुझ्याकडे आहे. म्हणजे तू!"

"मी कशाला तुझा तिसरा नेऊ? काय आहे त्यात?"

"तुझ्या सहाव्यात तरी काय आहे?"

दोघेही गप्प झाले, कारण काय आहे ते दोघांनाही माहीत नव्हतं. बाबांच्या हातात माघार होती आणि काकांच्या हातात तह, पण दोघांच्याही चेहऱ्यावर यातलं काही नव्हतं. जगात असे दोन चोर क्वचितच झाले असतील, जे चोरीचा माल स्वतःच हातात घेऊन फिर्याद द्यायला आले.

"काय चाललंय?" आतून आजीचा आवाज आला. "मला उठता येत नाही आणि तुम्ही पायरीवर तमाशा करता. आत या."

"याच्या घरात मी पाय ठेवणार नाही," काका म्हणाले.

"मग तिथून चोर कसा सापडेल?"

काकांनी यावर विचार केला. मग त्यांनी चपला काढल्या आणि आत आले. "आई, मी फक्त चौकशीसाठी आलोय," ते म्हणाले. आजीनं मान डोलावली. तिचे डोळे एवढे भरले होते की मी दुसरीकडे बघितलं.

चौकशी रीतसर झाली. काकू वरचे सगळे खंड घेऊन आली. आठही खंड आजीच्या पलंगावर पायथ्याशी मांडले आणि बाबा एकेक कव्हर उतरवू लागले. पहिला पहिलाच होता. दोनाच्या कव्हरात पाचवा निघाला.

बंड! माझं बंड! ते आमच्याच कपाटात होतं. मी त्या कपाटाला उशी लावून झोपते.

"हा कोणी आणला?" बाबांनी विचारलं. बोलताना पान उलटलं गेलं आणि त्यातून शिंप्याचा खडू घरंगळला. सगळ्यांनी आईकडे बघितलं.

आईनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. "त्यात फ्रेंच राज्यक्रांतीतल्या कोटांची रंगीत चित्रं आहेत. कॉलर बघायची होती मला. नंतर सातवाही आणला, त्यात शिपायांचे गणवेश आहेत. गेल्या वर्षी शाळेनं पसंत केलेली कॉलर तिथलीच आहे."

"आणि ते तुला वरून कोणी दिले?"

"मी," काकू म्हणाली. "गच्चीवर. वाळलेल्या कपड्यांच्या बादलीतून. बदल्यात हिनं मला दुसरा आणि चौथा दिला."

"तुला कशाला हवे होते?" काकांनी विचारलं.

"दुसऱ्यात कट आहेत. चौथ्यात नजरकैद आहे. दिवसभर चाळीस मुलं सांभाळून आल्यावर कट वाचले की मला शांत झोप लागते."

काका खुर्चीत बसले.

"तुम्ही दोघी बोलता एकमेकींशी?" बाबांनी विचारलं.

"भांडण तुमचं होतं ना भावोजी," काकू म्हणाली. "आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं."

एक गोष्ट मात्र जुळेना. चौथ्याच्या कव्हरात सातवा असायला हवा होता, तर दुसरा निघाला. आई म्हणाली मी तर सातवाच घातला होता. काकू म्हणाली पाचाच्या कव्हरात मी दुसरा घातला होता, सातवा कसा आला? तेव्हा मी पुढे झाले आणि म्हणाले, "मी बदलला. काल दुपारी. मीच."

कोणाला ऐकू आलं नाही. आई म्हणाली, "जाऊ दे, माझीच काहीतरी गडबड झाली असेल." मी पुन्हा म्हणणार होते, पण काकांनी विचारलं, "बरं, हे चार तुमचे. तिसरा आणि सहावा कोणी बदलला?"

आई आणि काकूनं एकमेकींकडे बघितलं. दोघींनी माना हलवल्या.

"तो मी," आजी म्हणाली.

काकांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"वाटणी झाली त्याच आठवड्यात. तेव्हा पाय चांगला होता माझा. तिसरा वर नेला, सहावा खाली आणला, कव्हरं मीच घातलेली, मीच बदलली. म्हटलं, आज ना उद्या दोघांतला एक जण उघडेल. बघेल की आपला खंड भावाकडे गेलाय. मग मागायला जावंच लागेल." तिनं तिसऱ्याचं कव्हर हातात घेऊन सरळ केलं. "तुम्ही उघडलाच नाहीत रे. काच पुसत राहिलात."

काका खाली बघत म्हणाले, "आई, तू सहा वर्षं आमची गंमत बघत होतीस?"

"गंमत कसली? वाट बघत होते."

बाबा कव्हरांच्या घड्या घालू लागले, जे काम त्यांना येत नाही. काका उठले. "चौकशी झाली," ते म्हणाले आणि दाराकडे वळले. मला वाटलं, संपलं. आता पुन्हा वळणावरच्या चपला, आणि आजीचा पाय चादरीखाली.

"जरा बस. एवढं धर," आजी म्हणाली आणि तिनं सहावा खंड काकांपुढे केला. स्वतःच्या आईनं दिलेली वस्तू कोण नाही घेणार? काका खुर्चीच्या टोकाला टेकले आणि तिनं तो त्यांच्या मांडीवर ठेवला. "तू इकडे ये. त्याच्या शेजारी," ती बाबांना म्हणाली. मग तिनं महायुद्धाचं पान उघडलं. तिथे एक घडीचा नकाशा आहे. तो उलगडत उलगडत गेला आणि काकांच्या मांडीवरून बाबांच्या गुडघ्यांपर्यंत पोचला.

"आता उठा बघू," आजी म्हणाली. "उठलात तर फाटेल."

दोघेही बसून राहिले.

"तुमचे वडील गिऱ्हाइकाला असंच बसवायचे," आजी म्हणाली. "हातात दिलेलं पुस्तक माणूस परत देतो. मांडीवर उघडलं की तो अडकला. आता सांगा, मला कधी नेता?"

बाबा नकाशाकडे बघत म्हणाले, "दादाच्या दुकानाला सोमवारी सुट्टी असते."

काका नकाशाकडे बघत म्हणाले, "याला रजा मिळते का विचारा."

"मिळते म्हणावं."

"मग सोमवारी. पण गाडीत पुढे मी बसणार."

"पुढे कशाला? आईला धरायला मागे बसायचं असतं."

"मग तू मागे बस."

"म्हणजे मी एकट्यानं धरू? दोघांनी धरायचं ठरलं ना आत्ता?"

आजीनं डोळे मिटले आणि उशीला टेकली. भांडण चालू होतं आणि तिला झोप लागली.

ऑपरेशन चांगलं झालं. ते चालू असताना बाबा आणि काका दवाखान्याच्या बाकावर बसले होते. आम्ही सगळेच होतो. इतक्या वर्षांनी काय बोलायचं हे दोघांनाही सुचत नव्हतं, म्हणून बाबांनी बरोबर आणलेला पहिला खंड उघडला आणि दोघे एकाच पुस्तकात डोकं घालून वाचत बसले. काकांनी आपला चष्मा बाबांना दिला, मग परत घेतला, मग परत दिला. नर्सनं येऊन सांगितलं, आई शुद्धीवर आल्या, तेव्हा ते 'आ'वर पोचले होते. आता आजी एक हात बाबांच्या आणि एक हात काकांच्या खांद्यावर ठेवून अंगणात चालते. दोघांची उंची सारखी नाही, त्यामुळे ती थोडी तिरकी चालते, पण तोल जात नाही.

माझं भाषणही झालं. पुढच्या दोन रांगांना ते आवडलं. मागच्या रांगांना मी उभी आहे एवढं दिसलं.

आता आठही खंड खालच्या मोठ्या कपाटात एकत्र आहेत. किल्ली कोणाकडे ठेवायची यावर बरीच चर्चा झाली. आईकडे नको, काकूकडे नको, आजीकडे तर मुळीच नको, असं बाबा म्हणाले. तेव्हा काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मुंगीकडे द्या." काका मला मुंगी म्हणतात. "साऱ्या घरात हिनं एकटीनं कधी या पुस्तकांना हात लावला नाही."

"खरंय," बाबा म्हणाले. "प्रामाणिक आहे पोर. वाचनाची आवड नाही एवढंच."

मी म्हणाले, "मीही नेलं होतं." काकू म्हणाली, "बघा, किती आनंद झालाय तिला, काहीतरी पुटपुटतेय." आणि किल्ली माझ्या हातात आली. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मला दाखवतात आणि सांगतात की ही आमच्या घरातली एकटी निर्दोष. हे मला आता सहन होत नाही. म्हणून आज रात्री सगळे जेवायला बसले की मी उभी राहणार आहे आणि मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगणार आहे की त्या दुपारी वर जाऊन कपाट उघडणारी आणि घाईघाईनं कव्हरं बदलणारी मुलगी म्हणजे

"मुंगी, किल्ली आण गं! काकूला कट हवाय!"

आले, काका.

"अगं, ऐकलंस का?"

आले म्हटलं ना, आ